वस्त्रातील शास्त्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्ते बोलून गेले. मी पंडित नाही. १९८१ साली बी.कॉम.चा निकाल लागला आणि मी वडिलांच्या शेजारी दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. म्हणून विषयही माझ्या गादीवरचाच निवडला आहे : धर्म आणि शास्त्र यांच्या प्रेरणेने घडणारे वस्त्र.

आपल्या धर्मात वस्त्राचे स्थान मोठे विलक्षण आहे. दिगंबर मुनी वस्त्राचा सर्वथा त्याग करतात, श्वेतांबर साधु-साध्वी मोजकी शुभ्र, अलंकरणविरहित वस्त्रे धारण करतात. आणि त्यांना वंदन करणारे आपण श्रावक मात्र पिढ्यानपिढ्या कापडाचा व्यापार करीत आलो! श्वेतांबर परंपरेत देवदूष्य वस्त्राची कथा आहे. दीक्षेच्या वेळी इंद्राने प्रभू महावीरांच्या खांद्यावर दिव्य वस्त्र ठेवले. पुढे एका दरिद्री ब्राह्मणाने याचना केली, तेव्हा प्रभूंनी त्यातील अर्धे त्यास दिले. उरलेले अर्धे काट्यांत अडकून गळून पडले; प्रभूंनी ते पुन्हा उचलून घेतले नाही. ब्राह्मणाने ते वेचले आणि एका रफूगाराने दोन्ही तुकडे असे जोडले, की सांधा दिसेना. मग त्या वस्त्राला एक लक्ष सुवर्णमुद्रा मिळाल्या. लहानपणी ही कथा ऐकताना माझे सारे लक्ष त्या लक्ष मुद्रांकडे असे. प्रभूंनी मागे वळून वस्त्र उचलले नाही, हा त्यातील खरा भाग मला फार उशिरा उमगला.

तो उमगण्यास निमित्त झाली माझी पुतणी. ती वस्त्ररचनेचे, म्हणजे ज्याला आपण फॅशन डिझाइन म्हणतो त्याचे, शिक्षण घेत होती. धर्मग्रंथांतून प्रेरणा घेऊन वस्त्रे तयार करावीत, असा प्रकल्प तिला मिळाला. ती थेट दुकानात आली आणि म्हणाली, "काका, आपल्या ग्रंथांत घेण्यासारखे काय आहे?"

सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पर्युषणात आपण ज्या कल्पसूत्राचे वाचन ऐकतो, त्याच्या १५ व्या शतकातील सचित्र पोथ्या पाहाव्यात. माता त्रिशलेची शय्या, तिचे उत्तरीय, राजाचे धोतर, छताचा चांदवा, या सर्वांवर चित्रकारांनी बारीक नक्षी रेखाटली आहे. हंसांच्या रांगा, कमळे, फुलांची चक्रे असे किती तरी नमुने त्यांत आहेत. ती केवळ कल्पना नव्हती. इजिप्तमधील फुस्तात या जुन्या नगरीत गुजरातेतून गेलेल्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडले. त्यांवरील हंसांची नक्षी पोथ्यांतील वस्त्रांशी जुळते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. असे अनेक तुकडे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात जतन केलेले आहेत. पुतणीने त्याच हंसपंक्तीची किनार योजली, लाकडी ठसे कोरून घेतले आणि सुती कापडावर छापली. मला तिचा अभिमान वाटला.

परंतु प्रेरणेचा दुसरा प्रकारही मी पाहिला आहे, आणि त्यात माझा स्वतःचा दोष आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाने नवकार मंत्राची अक्षरे छापलेल्या ओढण्या पाठविल्या. मी त्या हौसेने दर्शनी भागात लावल्या आणि त्या हातोहात खपल्या. दोन-तीन महिन्यांनी एका परिचिताच्या घरी गेलो असता तीच ओढणी जुनी होऊन पुसण्याच्या कामी लागलेली दिसली. त्या घरच्यांना मी काय बोलणार? कापड जुने होते, फाटते, त्याचे पायपुसणे होते, हे व्यापाऱ्याला ठाऊक असतेच. ठाऊक असूनही मी मंत्राक्षरे विकली. ती आशातना माझीच. उरलेला माल परत केला आणि तेव्हापासून मंत्र वा तीर्थंकरांची प्रतिमा छापलेले कापड दुकानात येऊ दिलेले नाही.

यापुढचा प्रश्न मात्र अधिक अवघड होता. प्रकल्पासाठी पुतणी पाटणच्या पटोळ्यांची माहिती गोळा करीत होती. या कथेचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. बाराव्या शतकात गुजरातेत राजा कुमारपाल राज्य करीत होता. आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने त्याने राज्यात जीवहत्येस बंदी केली. तो पूजेसाठी नित्य नवे पटोळे नेसत असे. परंपरा सांगते, की ही वस्त्रे जालन्याहून येत आणि तेथील राजा ती आधी स्वतः वापरून मगच बाहेर पाठवी. हे कळताच कुमारपालाने साळवी विणकरांची सातशे कुटुंबे जालन्याहून पाटणला नेऊन वसविली. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून, रंगवून, मग नक्षीशी नक्षी जुळवीत विणावयाचे; एका साडीला चार-सहा महिने सहज लागतात. आज हे काम करणारी घराणी मोजकीच उरली आहेत.

मी ही कथा रंगवून सांगितली. पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, वापरलेले वस्त्र पूजेला चालत नव्हते, मग मारलेल्या किड्यांचे कसे चालले?"

मला उत्तर देता आले नाही. हिशेब मात्र करता आला, कारण तो माझा धंदाच आहे. रेशमाचा अखंड धागा उलगडावयाचा, तर पतंग कोष फोडून बाहेर येण्यापूर्वीच तो वाफेने किंवा उष्णतेने आत मारावा लागतो. एक कोष दीड ते दोन ग्रॅमचा. एक किलो रेशमास सुमारे सात किलो कोष लागतात. धोतर आणि खेस मिळून अर्धा किलोचा जोड धरला, तर सुमारे दोन हजार जीव होतात. पाणी गाळून पिणारे आपण, तेवढे अंगावर घेऊन प्रभूंच्या गाभाऱ्यात जातो.

यावर उपाय शोधणारेही आहेत. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग सूत काढण्याची पद्धत रुजविली. ते कापड 'अहिंसा रेशीम' म्हणून ओळखले जाते. धागा तुटलेला असल्याने तो कातावा लागतो, त्यामुळे चकाकी कमी आणि किंमत अधिक. ईशान्य भारतातील एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडाच असतो. मात्र तेथे कोषातील किडा खाण्याचीही प्रथा आहे. तेव्हा केवळ नावावर न जाता मालाची चौकशी केलीच पाहिजे. आणि सर्वांत सोपा, स्वस्त उपाय आपल्या हाताशीच आहे : स्वच्छ धुतलेले सुती वस्त्र.

२०१९ च्या पर्युषणापासून मी रेशमी पूजावस्त्रे विकणे बंद केले. त्या वर्षी पूजावस्त्रांची विक्री निम्म्याहून खाली आली. जुनी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली, एकाने "शेठ, तुम्ही आता साधू झालात" असा टोमणाही मारला. मी साधू झालेलो नाही. माझ्या दुकानात आजही पैठणी आहे. तिच्यावर येवल्याच्या विणकरांची चूल पेटते आणि माझीही. हा विरोधाभास मी आपणापासून लपवीत नाही. परंतु निदान पूजेच्या वस्त्रापासून आरंभ करावा, एवढीच माझी शक्ती.

रेशीम अशुद्धी धरत नाही, म्हणून ते पूजेस योग्य, असे आपले वडीलधारे सांगत आले. त्यांच्या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही, आणि शास्त्रार्थाचा निर्णय गुरुभगवंतांचा. मी केवळ श्रावक म्हणून विनंती करतो. शास्त्रापासून प्रेरणा घ्यावयाची तर नक्षी ठरविण्याआधी धागा कोणता, तो कसा मिळाला, हे विचारावे. तेथे शास्त्र पाळले गेले, तर किनारीवर हंस असो वा नसो, ते वस्त्र धर्मप्रेरितच आहे.

शेवटी विश्वस्तांपुढे एक नम्र प्रस्ताव ठेवतो. आपल्या मंदिरातील पूजावस्त्रांच्या खोलीत रेशमी जोड आहेत. ते जीर्ण होतील तसतसे त्यांच्या जागी सुती जोड ठेवावेत. ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. पहिले पन्नास सुती जोड आमच्या कुटुंबातर्फे अर्पण करण्याची अनुमती द्यावी. किनार पुतणीच छापणार आहे.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!