अपील पडून असताना वसुली

ऐन मे महिन्यात रत्नागिरीतल्या एखाद्या कॅनिंगवाल्याचं बँक खातं आयकराच्या वसुलीसाठी गोठवलं, तर काय होईल? आंब्याची आवक जोरात असते, बागायतदाराचे आणि मजुरांचे पैसे रोजच्या रोज चुकते करायचे असतात. पुढे आयकराची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने कराची मागणी चुकीची ठरवली, रक्कम व्याजासह परत आली, तरी हातचा गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून अपील पडून असताना न्यायालयाने काय करावं, हा प्रश्न नुसत्या वकिलांचा नाही.

‘आधी अपिलात जा’ असंच उच्च न्यायालय बहुतेक वेळा सांगतं, आणि ते रास्त आहे. हिशेबाच्या वह्या उलगडणं हे न्यायाधिकरणाचं काम. पण अपिलाचा हक्क द्यायचा आणि निकालाआधीच खातं रिकामं करायचं, तर तो हक्क कागदावरच उरतो. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली, मोहम्मद कुन्ही प्रकरणात, कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नसतानाही आयकर न्यायाधिकरणाला वसुली थांबवण्याचा अधिकार आहे, असा निर्वाळा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2001 साली केईसी इंटरनॅशनल प्रकरणात अधिकाऱ्यांना बजावलं, की स्थगितीच्या अर्जावर थोडक्यात का होईना, कारणं लिहा. आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत साधारणपणे सक्ती करू नका. 2012 साली यूटीआय म्युच्युअल फंडाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली: जप्त खात्यातून पैसे काढण्याआधी करदात्याला पुरेशी सूचना द्या. कर किती, यात न्यायालय कुठेच शिरलेलं नाही. त्याने राखली ती फक्त रीत.

यावर कोणी म्हणेल, अशाने लोक अपील ठोकून वर्षानुवर्षं कर बुडवतील. सरकारने रस्ते, दवाखाने कशावर चालवायचे? शंका खोटी नाही. पण वेळकाढूपणा फुकट पडत नाही. थकलेल्या मागणीवर दरमहा 1 टक्का व्याज चढतं. उलट परताव्यावर सरकार साधारणपणे अर्धा टक्काच देतं. शिवाय न्यायाधिकरणाआधीच्या पहिल्या अपिलाच्या काळात मागणीच्या 20 टक्के रक्कम भरून घेण्याची सूचना 2017 साली निघाली, आणि न्यायाधिकरणाच्या स्थगितीसाठीही 2020 साली तशीच अट आली. मात्र पहिल्या अपिलाच्या बाबतीत हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे; प्रकरण पाहून त्याहून कमी रक्कमही चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं. 2021 साली पेप्सी फूड्स प्रकरणात तर, विलंबात करदात्याचा दोष नसेल तर 365 दिवस उलटले म्हणून न्यायाधिकरणाची स्थगिती आपोआप संपणार नाही, असा निकाल दिला.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीकरांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आहे. मुंबईची खेप वाचली, हे बरंच झालं. पण स्थगितीच्या अर्जावरच्या आदेशात चार ओळींची खरी कारणं असतील, तर अनेकांना कोल्हापूरला जायला आंबा घाट चढावाच लागणार नाही.