सैनिकाची घरपट्टी

1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आपल्या या मुलखात, धर्माबादसारख्या गावी, सरकारचाकरीच्या मोबदल्यात सारामाफीची जमीन मिळणे ही कोणास अपूर्व वाटणारी गोष्ट नव्हती. ती इनामे 1954 च्या कायद्याने संपुष्टात आली आणि ते योग्यच झाले, कारण त्यांच्या मुळाशी राजाची मर्जी होती, रयतेचा हक्क नव्हता. माजी सैनिकाच्या घरपट्टीची माफी दिसावयास त्याच जातीची वाटली, तरी ती शासननिर्णयाने दिलेली आहे आणि म्हणून ती मागताना कोणी ओशाळण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात ही सवलत प्रारंभी शौर्यपदकधारक व सैनिकांच्या विधवा यांच्यापुरतीच होती. 2020 साली बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने निघालेल्या सन्मान योजनेने ती ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या हद्दीतील सर्व माजी सैनिकांपर्यंत नेली. माफी एकाच घरास मिळते आणि अर्जासोबत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. जायबंदी होऊन मुदतीपूर्वीच घरी परतलेला जवान माजी सैनिक ठरतो काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु सेवेमुळे आलेल्या अपंगत्वास्तव निवृत्तिवेतनासह मुक्त झालेला जवान केंद्र सरकारच्या व्याख्येत निःसंशय बसतो.

अडचण आहे ती निराळीच. पुण्याच्या ज्या कृत्रिम अवयव केंद्रात 1944 पासून सैनिकांना हातपाय बसवून मिळतात, तेथून नवा पाय घेऊन आलेल्या जवानाने अर्ज धर्माबादच्या नगरपरिषदेत द्यावा, दाखला मात्र नांदेडहून आणावा. आणि तो हयात नसेल तर त्याच्या विधवेने, जिचे डिस्चार्ज बुकातील नाव माहेरचे, आधारपत्रावरील सासरचे आणि घर अद्याप सासऱ्याच्या नावावर, या तिन्हींचा मेळ घालीत दोन्ही दफ्तरांच्या पायऱ्या चढाव्यात, ही रीत मला सन्मान या शब्दाशी विसंगत वाटते. अमेरिकेतील टेक्सस राज्यात पूर्ण अपंग ठरलेल्या सैनिकाच्या राहत्या घराचा कर संपूर्ण माफ होतो व काही अटींवर ती माफी त्याच्या पत्नीकडेही चालू राहते. अर्ज तेथेही करावाच लागतो, हे खरे. तथापि आपल्याकडे नगरपरिषदेजवळ घरांची आकारणी यादी आहे, सैनिक कल्याण कार्यालयाजवळ माजी सैनिकांची व विधवांची नोंद आहे. ही दोन दफ्तरे वर्षातून एकदा समोरासमोर ठेवली, तर निम्म्या अर्जांची गरजच उरणार नाही. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी गोळा करताना आमचे सरकारी अंमलदार जी तत्परता दाखवितात, तिचा चौथा हिस्सा या कामी पुरे.

माफीमुळे नगरपरिषदेची तिजोरी रिती होईल, या आक्षेपात मला फारसा जीव दिसत नाही. वर्षानुवर्षे थकलेली बड्या दुकानांची पट्टी वसूल केली, तर ही तूट सहज भरून निघावी.

तूर्त मात्र ज्यांच्या घरी असा जवान किंवा त्याची विधवा आहे, त्यांनी मार्चअखेरीची वाट न पाहता प्रथम वारसनोंद करून घ्यावी, कारण घर तिसऱ्याच्याच नावावर राहिले तर हातातील दाखलाही निरुपयोगी ठरण्याचा संभव आहे. नावातील फरकासाठी प्रतिज्ञापत्र जोडावे आणि नगरपरिषदेत अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.