शिडाची लढाऊ जहाजे कशी झुंजत

शिडाच्या जहाजांची लढाई म्हटली की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. फुगलेली शिडे, तोफांचा गडगडाट, हातात तलवार घेऊन शत्रूच्या जहाजावर उडी घेणारे वीर! चित्र अगदीच खोटे नाही. पण त्यातून एक मोठी गोष्ट निसटते. ती गोष्ट म्हणजे या लढाईची संथ गती. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ, ट्राफल्गार भूशिराच्या समोर, पहाटेच्या उजेडात इंग्रजांच्या आणि फ्रेंच-स्पॅनिशांच्या आरमारांनी एकमेकांना पाहिले. पहिली तोफ डागली गेली ती मात्र मध्यान्हाच्या सुमारास. मधल्या सहा तासांत वारा मंद होता, आणि माणसाच्या चालीहून फारसा अधिक नसलेल्या वेगाने हजारो माणसे मृत्यूकडे सरकत होती. न्याहारी करण्यास, घरी पत्र लिहिण्यास, आणि मनाशी विचार करण्यासही त्यांना पुरेसा वेळ होता.

या संथपणाचे मूळ वाऱ्यात आहे. आडव्या परबाणांवर चौकोनी शिडे बांधलेले जहाज वाऱ्याच्या तोंडावर कधीच चालू शकत नाही. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेकडे जावयाचे तर नागमोडी वाटेने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे वळत जावे लागे. म्हणून प्रत्येक सेनापतीची पहिली धडपड वाऱ्याकडची बाजू मिळविण्याची असे. ती बाजू ज्याच्याकडे, त्याच्या हाती लढाईची वेळ. हवे तेव्हा त्याने शत्रूवर चाल करावी, नको तेव्हा थांबावे. वाऱ्याखालच्या बाजूस असणाऱ्याला तेवढी मुभा नसे. मात्र त्याचे जहाज मोडले तर वाऱ्यासरशी निसटून जाण्याची वाट त्याला मोकळी असे.

दुसरी गोष्ट तोफांची. जहाजाच्या नाळेवर आणि पिछाडीस तोफांना जागा थोडी. बहुतेक सारा तोफखाना दोन्ही कुशींना ओळीने मांडलेला. म्हणजे जहाज मारा करी ते बाजूला, पुढे नव्हे. यातूनच एकामागे एक जहाजे उभी करून रांगेने लढण्याची पद्धत निघाली. १६५३ साली इंग्रजांनी डचांशी चाललेल्या युद्धात तसे लेखी हुकूमच काढले. रांगेत उभे राहण्याइतके बळकट जहाज ते खरे लढाऊ जहाज, अशी गणना होऊ लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ७४ तोफांचे, दोन तोफमजल्यांचे जहाज हा या वर्गाचा कणा होता. ट्राफल्गारला नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज त्याहून मोठे, तीन मजल्यांचे, १०४ तोफांचे होते आणि त्यावर आठशेहून अधिक माणसे होती.

खालच्या मजल्यावरील एकेका तोफेचा गोळा ३२ पौंडांचा, तर तोफेचे वजन पावणेतीन टनांच्या घरात. ती चालविणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. आधी ओल्या कुंच्याने नळी पुसावयाची, कारण आत एखादी ठिणगी राहिली तर ठासणाराच मरावयाचा. मग दारूची थैली, मग गोळा, मग बोळा, असे क्रमाने गजाने ठासावयाचे. दोर ओढून तोफ खिडकीतून बाहेर काढावयाची, कानात रंजक भरावयाची आणि चकमकीची कळ ओढावयाची. तोफ उडाली की ती त्वेषाने मागे येई. जाड दोरखंड तिला आवरीत, पण वाटेत कोणाचा पाय सापडला तर तो गेलाच. मुरलेले गोलंदाज हा सारा क्रम दीड-दोन मिनिटांत पुरा करीत. तळातील कोठारातून दारूच्या थैल्या वर आणणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची पोरेही असत. माणूस घसरू नये म्हणून लढाईपूर्वीच मजल्यावर वाळू पसरून ठेवीत. ती कशासाठी, हे त्या पोरांनाही ठाऊक असे.

गोळा लागून जहाज बुडणे हा प्रकार मात्र क्वचितच घडे. लाकूड तरते आणि पाणरेषेवरील भोके सुतार बुजवीत. जहाज हरे ते माणसे मेल्यामुळे किंवा डोलकाठ्या मोडल्यामुळे. फ्रेंचांचा कल दोर, शिडे आणि काठ्या तोडून शत्रूला पांगळे करण्याकडे; त्यासाठी साखळीने जोडलेले गोळेही वापरीत. इंग्रज नेम धरीत तो जहाजाच्या अंगावर. फळी फुटली की तिच्या हातभर लांबीच्या ढलप्या आत उडत आणि प्रत्यक्ष गोळ्याइतक्याच प्राणघातक ठरत.

जहाजाचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे त्याची पिछाडी. तेथे जाड ओंडके नसत. अधिकाऱ्यांच्या दालनांच्या काचेच्या खिडक्या असत. तेथून आत शिरलेला गोळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाटेतील तोफा व माणसे उडवीत जाई. आणि पिछाडीवरून मारा करणाऱ्याला प्रत्युत्तर मिळण्याची भीती जवळजवळ नसे.

हे मर्म आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्राफल्गारच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या आरमारात तोफा वाहणाऱ्या गुराबा होत्या आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची चपळ गलबते होती. वारा पडला की गलबते गुराबांना दोराने ओढीत नेऊन परक्या जहाजाच्या पिछाडीस आणून उभी करीत. उंच शिडांचे ते अवजड जहाज जागच्या जागी खिळलेले, आणि त्याच्या कुशीतील तोफा निरुपयोगी! १७२१ साली मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले, त्यांनाही हात हलवीत परतावे लागले. परंतु खोल पाण्यात, मोठ्या जहाजांच्या रांगेसमोर हे तंत्र पुरे पडणारे नव्हते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी करार केलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा एका जहाजाला लागलेली आग जवळजवळ नांगरलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या साऱ्या आरमारावर पसरली.

आता पुन्हा ट्राफल्गारकडे वळू. फ्रेंच-स्पॅनिशांची ३३ लढाऊ जहाजे व्हिलनव्हच्या हुकमतीखाली रांगेत उभी होती. नेल्सनपाशी २७. रूढ रीतीप्रमाणे समांतर रांग न धरता त्याने आपल्या जहाजांचे दोन भाग केले, एकाचे पुढारपण आपल्याकडे व दुसऱ्याचे कॉलिंगवुडकडे दिले, आणि शत्रूची रांग काटकोनात छेदण्यास निघाला. यात धोका उघड होता. जवळ जाईपर्यंत शत्रूच्या कुशीतील तोफा त्याच्या नाळेवर आग ओकणार, आणि त्याला उत्तर देता येणार नव्हते. तसेच झाले. 'व्हिक्टरी'चे सुकाणूचाक फुटले, पन्नासच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली, तेव्हा कोठे तिची पहिली तोफ बोलली.

मग हा जुगार होता काय? नव्हे, तो हिशेब होता. फ्रेंच व स्पॅनिश खलाशी शौर्यात कमी नव्हते. पण इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे त्यांची जहाजे दीर्घकाळ बंदरात अडकून पडली होती. हेलकावणाऱ्या जहाजावरून नेम धरणे बंदरात शिकता येत नाही. इंग्रज खलाशी मात्र उन्हाळा-हिवाळा समुद्रावरच होते. नेल्सनने आपल्या धाडसाची किंमत शत्रूच्या सरावाच्या अभावावर मोजली होती. 'व्हिक्टरी' रांगेतून पार होताना व्हिलनव्हच्या 'ब्यूसाँतोर'च्या पिछाडीवरून गेली, आणि त्या एका माऱ्यातच त्या जहाजाचा कणा मोडला.

पुढे 'व्हिक्टरी' फ्रेंचांच्या 'रदूताब्ल'ला जाऊन भिडली. त्याचा कप्तान लुका याने आपल्या माणसांना बंदुकीचा व हातघाईचा कसून सराव दिला होता. डोलकाठीवरील माचीवरून आलेली एक गोळी दुपारी सव्वाच्या सुमारास नेल्सनला लागली. साडेचारच्या सुमारास तो वारला. 'रदूताब्ल'वरील साडेसहाशे माणसांपैकी पाचशेहून अधिक मेली किंवा जखमी झाली, तेव्हाच तिने शरणागती पत्करली. सायंकाळपर्यंत फ्रेंच-स्पॅनिशांची १८ जहाजे गेली. इंग्रजांचे एकही नाही. पाठोपाठ आलेल्या वादळाने जिंकलेली बहुतेक जहाजेही हिरावून नेली.

पण त्या दिवसाची एक आठवण विजयाच्या आकड्यांहून मोलाची आहे. फ्रेंचांच्या 'अशील' जहाजाला आग लागली. आता ते उडणार हे दिसत असताना इंग्रजांच्या होड्या त्याच्या दिशेने निघाल्या. आगीच्या झळांनी त्यावरील भरलेल्या तोफा आपोआप उडत होत्या. तरीही त्या होड्यांनी दोनशेच्या आसपास माणसे पाण्यातून वर काढली. त्यांत एक तरुण फ्रेंच स्त्रीही होती. आपला नवरा मेला असे समजून ती शोक करीत होती. काही दिवसांनी तोही वाचलेल्या कैद्यांत जिवंत सापडला.

२० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या नवारिनो उपसागरात केवळ शिडांच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई झाली. पुढे वाफ आली, पोलाद आले, आणि वाऱ्याची सत्ता संपली. त्या जुन्या लढायांचा निकाल पुष्कळदा लढाईपूर्वीच, अनेक वर्षांच्या कंटाळवाण्या सरावात लागलेला असे. परंतु काही क्षणांपूर्वी ज्यांच्यावर तोफा डागल्या, त्यांनाच वाचविण्यासाठी होडी आगीकडे वळविण्याचा सराव कोणी कोणाला दिलेला नव्हता. तो निर्णय त्या खलाशांचा स्वतःचा होता.