वसईच्या कोटांतील शिळा व घंटा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी आपणांस वसईच्या कोटांत नेतों. तें परक्याचें घर नव्हे. १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, तिजबरोबर साष्टी व मुंबईचीं बेटेंही दिलीं. आपलें चेंबूर ज्या तुर्भें बेटावर वसलें तें त्यांतच आलें.

कोटांतील मुख्य देऊळ संत जोसेफचें. तें १५४६ सालचें. १६०१ सालीं, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, त्याचा जीर्णोद्धार झाल्याचें तेथील शिलालेख सांगतो. छप्पर गेलें, मनोरा उभा आहे. फ्रान्सिस्कन मठाच्या देवळांत तर जमिनीवर पाऊल टाकावें तेथें थडग्याची शिळा! पोर्तुगीज अक्षरें, कुळांचीं चिन्हें. कित्येक झिजून गुळगुळीत झालीं आहेत. तीं वाचतांना मनास एक गोष्ट टोंचते. नांवें सारीं सरदारांचीं व त्यांच्या कुटुंबांचीं. ज्यांनीं दगड वाहिले, चुना कालविला आणि त्याच देवळांत गुडघे टेकले, त्या आपल्या कोळ्या-कुणब्यांची एकही शिळा मला दिसली नाहीं.

वसईच्या सर्वांत थोर पुत्राचेंही थडगें वसईंत नाहीं. संत गोन्सालो गार्सिया यांचा पिता पोर्तुगीज, माता येथली. जेझुइटांपाशीं शिकून ते जपानास गेले, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले, व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर मरण पावले. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली व देवळांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांतील घंटेवर १७२१ सन आहे. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७ व पवित्र मरियेची बाळासह आकृति आहे. कोणी यावर हळहळतात. मला मात्र वाटतें, त्या ओतून तोफा केल्या नाहींत हें काय थोडें झालें?

शिळा नसली तरी गरिबाचें नांव राहण्याची एक जागा आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामास विवाहांची नोंदवही ठेवण्याचा नियम घालून दिला. बाप्तिस्म्याचीही वही आपण ठेवतों. तिच्यांत ताडी काढणारा व जमीनदार एकाच पानावर येतात. परंतु कागदास वाळवी लागते. तेव्हां ज्यांच्या घरीं आजा-पणज्यांचे बाप्तिस्म्याचे किंवा लग्नाचे दाखले पेटींत पडून असतील, त्यांनीं ते येत्या पावसाळ्यापूर्वीं धर्मगुरूंस दाखवावे, म्हणजे अक्षर लागतें तोंवर नक्कल करून ठेवतां येईल.