ग्रंथपालाच्या हाती लेखणी

1893 साली विनायक लक्ष्मण भावे यांनी मित्रांच्या साथीनं ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं. मराठी पुस्तकं एका जागी मिळावीत, हा त्यांचा ध्यास. पुढे 1903 मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढलं आणि जुन्या बाडांत बांधून ठेवलेलं काव्य छापून वाचकांपर्यंत पोहोचवलं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहासही त्यांचाच.

पुस्तकं सांभाळता सांभाळता लिहिणारी माणसं दूरदेशीही झाली. अर्जेंटिनाचे कथाकार होर्हे लुईस बोर्हेस ब्युनोस आयर्सच्या एका नगर वाचनालयात नोकरी करत. 1941 साली त्यांची बाबेलच्या ग्रंथालयाची कथा प्रसिद्ध झाली. या काल्पनिक ग्रंथालयात 25 चिन्हांच्या शक्य तेवढ्या सगळ्या जुळण्यांची, प्रत्येकी 410 पानांची पुस्तकं आहेत. खरं तिथंच, खोटंही तिथंच. निवडायचं कसं, हे मात्र कुणालाच उमगत नाही. 1955 मध्ये बोर्हेस राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

आज विरार लोकलमध्ये मोबाइलवर वाचणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र क्षणात पानंच्या पानं लिहून देतं; त्यातलं खरं कोणतं, खोटं कोणतं, हे कळत नाही.

अशा वेळी ग्रंथपालाची शिस्त कामी येते. लेखक कोण, प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, साल कोणतं? वाचनालयात नवं पुस्तक दाखल करताना नोंदवहीत हेच रकाने भरले जातात.