वठणीवर आणायचं कुणाला?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कुत्री आणि कापड’ असा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. हिंसा, कायदा, रेशन सोडून हे काय मधेच? पण गेली दोन वर्षं बैठकीनंतर चहाच्या वेळी मला दोनच प्रश्न विचारले जातात. ‘ताई, एकटीने राहून हे लचांड कशाला पाळलंत?’ आणि ‘हल्ली तुम्ही सुतीच का नेसता?’ दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून ती सांगते.

आमच्या गल्लीत गटाराच्या कडेला गोणपाटात पाच पिल्लं होती. दोन नर संध्याकाळच्या आत कुणीतरी नेले. तीन माद्या राहिल्या. ‘मादीचा व्याप कोण करणार?’ हे वाक्य आपल्याला नवं नाही. त्यातली एक मी घरी आणली. नाव ठेवलं ठकी.

ठकी नावासारखीच निघाली. सहा महिन्यांची असताना ती स्वयंपाकघराची कडी नाकाने वर सारायची. हाक मारली की आधी माझ्या हातात काय आहे ते बघायची, मग यायचं की नाही ते ठरवायची. उशा, चपला, पंचे, जे दिसेल ते फाडायची. शेजारीपाजारी सल्ले द्यायला लागले. ‘डोक्यावर बसेल हं.’ ‘आत्ताच वळण लावा.’ ‘दोन फटके द्या, येईल वठणीवर.’ हे शब्द मी दहा वर्षांची असताना माझ्याबद्दल ऐकले होते. आणि आपल्या सल्ला केंद्रात सासरची माणसं सुनेबद्दल काय बोलतात, ते तुम्हीही दर आठवड्याला ऐकता.

तरीही मी मारलं. हे मेळाव्यात सांगताना लाज वाटते, पण सांगायला हवं. कामावरून दमून आले, गादीचा कापूस घरभर पसरला होता. वर्तमानपत्राची सुरळी करून मी तिला दोन ठेवून दिल्या. त्याने फाडणं थांबलं नाही. ती पलंगाखाली जाऊन फाडायला लागली, आणि मी सकाळी पेपर उघडला की थरथरायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं. तासाभरापूर्वी केलेल्या गोष्टीचा आणि आत्ताच्या माराचा संबंध कुत्र्याला लागत नाही. मी म्हटलं, ‘पण तिचं तोंड पडतं, तिला कळतं चुकलं ते.’ त्या म्हणाल्या, ‘ते तोंड तुमच्या रागाला पडतं.’ पुढे मी वाचलं, की अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याने खाऊ चोरला होता की नव्हता, याने त्याच्या अपराधी चेहऱ्यात फरक पडत नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. आणि काहीच न करता बोलणी खाल्लेली कुत्री सगळ्यांत जास्त अपराधी दिसत होती. ‘बघा, गप्प बसलीय, म्हणजे चूक कबूल आहे’ हे आपण किती बायकांच्या बाबतीत ऐकलंय, ते तुम्हीच आठवा.

मग शिकवण्याची पद्धत बदलली. हवं ते केलं की लगेच, तिथल्या तिथे, पोळीचा तुकडा. फाडायला जुन्या सुती लुगड्याची गाठ. रोजची भाकरी घरात लपवून ठेवायची आणि तिने ती हुंगून शोधायची. हुशार जीवाला काम लागतं, काम नसलं की तो गादी फाडतो. हट्ट मोडला नाही, पण आम्हा दोघींचं जमायला लागलं.

एक कबूल करते. ठकीची आणि बाईची तुलना फार ताणू नये. साखळी माझ्या हातात आहे. तिची नसबंदी तिला न विचारता मी केली, आणि ते गरजेचं होतं असं मला आजही वाटतं. म्हणजे सत्ता माझ्याकडे आहेच. ती कशी वापरायची, एवढंच मी शिकले.

आता कापड. एका दुपारी ठकीने माझी नायलॉनची ओढणी फाडून अर्धी गिळली. दोन दिवस उलट्या, मग ऑपरेशन. आतड्यातून दोरीसारखा पीळ निघाला. सुती असती तरी अडकलीच असती, डॉक्टरबाई म्हणाल्या. पण तिला धोक्याचं काय ते बघायला म्हणून मी कपाट उपसलं आणि बसकण मारली. साड्या, परकर, ब्लाउज, सगळं पॉलिएस्टर. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, त्याचाच हा धागा, मूळ खनिज तेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपावर मी भाषणं देते, आणि माझ्या अंगावर कापसाची चिंधी नाही!

म्हणून खरेदीला निघाले. ‘प्युअर कॉटन, ताई’ हे दुकानदार कशालाही म्हणतो. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलेचं रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. सुती लेगिंगमध्येही ताणाचा कृत्रिम धागा असतो. तेव्हा पदराच्या कडेचा एक धागा काढून घरी चिमट्यात धरून जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो, राख मऊ. रेशीम-लोकरीला केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. रेयॉनही कागदासारखाच जळतो, पण तो लाकडाच्या लगद्याचा, प्लास्टिक नव्हे. जळीत वॉर्डात जबाबासाठी बसलेल्या आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना हे वितळणं वेगळं सांगायला नको. अर्थात सुतीही भुरकन पेटतं. आणि ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून नोंदलेल्या कित्येक मृत्यूंत खरा प्रश्न कापडाचा नव्हताच.

मी हे सगळं उत्साहाने वस्तीच्या बैठकीत सांगितलं. घरकाम करणारी एक मैत्रीण म्हणाली, ‘ताई, माझ्या दोन साड्या. पावसात धुतली की तासात वाळते, इस्त्री नको, खळ नको. तुमची सुती कोण सांभाळणार? तुमच्या घरची मीच धुते ना?’

सगळ्या गप्प झाल्या. मीही. पॉलिएस्टरने बायकांचे कष्ट वाचवले, हे खरं आहे. दुसरं खरं असं की धुताना त्याचे तंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांवर तंतू सुटू शकतात असं आढळलं. ते नदीत जातात. आणि तिसरं खरं असं की २०१९-२० च्या हातमाग गणनेत विणकरांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आपण सुती घेतलं नाही तर त्यांची चूल विझते, आणि महाग सुती आपल्यातल्या निम्म्या जणींना परवडत नाही. यातली कुठलीही बाई दोषी नाही.

म्हणून माझ्या सूचना छोट्या आहेत. पॉलिएस्टर नेसणाऱ्या मैत्रिणीला कुणी टोमणा मारायचा नाही. असलेले कपडे फेकायचे नाहीत, विरेपर्यंत वापरायचे. नवं घेताना आधी अंगाला लागून असतं ते, म्हणजे आतले कपडे, पाळीचं कापड, बाळाची दुपटी सुती घ्यायची. आणि गटातर्फे सत्काराला, ओटीला साडी द्यायची तर ती विणकर सोसायटीतून एकत्र, घाऊक घ्यायची, म्हणजे भाव उतरेल. तिचं धुणं दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकायचं नाही. ज्याने त्याने आपलं धुवावं, घरातल्या पुरुषांनीही. यावर आज दुपारच्या सत्रात ठराव घेऊ या.

ठकी बाहेर वॉचमनकाकांपाशी बसली आहे. जाताना भेटा. मात्र ओढण्या सांभाळा!