इंधनाची वाट : साठवणीपासून ज्योतीपर्यंत



पळसदरी स्थानकापाशी लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक खोपोलीला जातो, तर दुसरा बोरघाट चढून पुण्याकडे वळतो. घाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १९२९ च्या सुमारास विजेवर गाड्या धावू लागेपर्यंत ही चढण वाफेची इंजिने पार करीत. भट्टीत एकदम ढीगभर कोळसा लोटला तर आग दबते, धूर होतो आणि वाफ उतरते, हे इंजिनावरील फायरमनला पक्के ठाऊक असे. कोळसा थोडा थोडा, वरचेवर आणि सर्वत्र सारखा घालावयाचा, हा त्याचा नियम. कारखान्यातील बाष्पकांना आणि भट्ट्यांनाही हाच नियम लागू पडतो.

फर्नेस तेलाचे उदाहरण घ्यावे. हे तेल थंडपणी काकवीसारखे दाट असते. म्हणून साठवण टाकीतच त्याला थोडी ऊब द्यावी लागते. टाकीच्या तळाशी पाणी व गाळ बसतो. तो वेळोवेळी काढून टाकावा लागतो. तेथून तेल गाळणीतून पंपाकडे व पुढे तापकाकडे जाते. साधारणतः १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर ते पातळ होते आणि बर्नरमधून त्याचे बारीक तुषार उडतात. तुषार जितके बारीक, तितके ज्वलन पूर्ण. नळाच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळू दिला, तरी वर्षाकाठी हजार लिटरहून अधिक तेल वाया जाते.

कर्जतचा परिसर भाताचा. शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघते आणि तेही बाष्पकात जाळता येते. मात्र एक किलो फर्नेस तेलाइतकी उष्णता मिळण्यास सुमारे तीन किलो तूस लागते. ते हलके असल्याने साठवणीस जागा पुष्कळ लागते आणि मागे राखही बरीच उरते. कोकणातील पावसाळ्यात तूस असो वा कोळसा, तो छपराखालीच हवा. भिजलेल्या इंधनाची बरीचशी उष्णता त्यातील पाणी आटवण्यातच खर्ची पडते.

इंधनाबरोबर हवेचेही मोजमाप राखावे लागते. हवा कमी पडली तर काळा धूर निघतो, अधिक झाली तर उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. ज्योत विझली असता तेलाचा पुरवठा तत्क्षणी बंद झाला पाहिजे. पुन्हा पेटविण्यापूर्वी आतील साचलेली वाफ व वायू हवेच्या झोताने बाहेर घालविलेच पाहिजेत. ही दोन मिनिटे वाचविण्याच्या घाईत स्फोट होतो आणि त्याची किंमत भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला मोजावी लागते.

१९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये बाष्पके अधिनियम आला. कायदा बदलला, तरी दक्षतेची गरज तीच आहे. धुराड्यातून निघणारा धूर दिवसातून दोनदा डोळे भरून पाहावा. काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन. कारखान्याचा पैसाच तो आकाशात उधळीत असतो.